हृदयाची चोरी

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील एक दुपार मला विसरता येत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकाचे एका बोलीभाषेत झालेले भाषांतर तपासत मी घरी बसलो होतो. तेवढ्यात फोन वाजला. दूरसंचार विभागातून बोलत असल्याचे सांगून एका ध्वनिमुद्रित आवाजाने कळविले की, माझ्या नावावरील क्रमांक गैरकृत्यासाठी वापरला गेला आहे, दोन तासांत माझा फोन बंद होईल, आणि अधिक माहितीसाठी मी ९ हा आकडा दाबावा. मी फोन ठेवून दिला. त्या आठवड्यातील तसा तो चौथा फोन होता. कोणी कर्ज देऊ करीत होते, कोणी भूखंड. कोणी माझ्या नावे आलेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडल्याचे सांगत होते. मन चिडून गेले होते. दहा मिनिटांनी पुन्हा एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला. पलीकडच्या माणसाने माझे नाव घेऊन "आपणच का?" असे विचारले मात्र, मी त्याच्यावर ओरडलो, "लाज कशी वाटत नाही तुम्हांला?" आणि फोन बंद केला. त्या क्रमांकावरून पुन्हा फोन येऊ नये अशी व्यवस्थाही करून टाकली.

तो माणूस ठक नव्हता. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारा माझा जुना सहकारी, ज्याच्यापासून मी ती बोली शिकलो, तो इस्पितळात अखेरचे दिवस मोजत होता. त्याच्या मुलाच्या फोनमधील पैसे संपले होते, म्हणून शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या नातलगाने आपल्या फोनवरून मला फोन लावून दिला होता. माझ्या मित्राला माझ्याशी दोन शब्द बोलायचे होते. हे मला तिसऱ्या दिवशी तेथील पाळकांकडून कळले. इंदूरहून रात्रीच्या बसने निघून मी पोहोचलो तेव्हा दफनविधी आटोपला होता. मुलगा एवढेच म्हणाला, "काका, आम्ही फोन केला होता." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले.

ठकांपासून स्वतःचे रक्षण करणे हे आपले कर्तव्यच आहे. कुटुंबाची पुंजी ही देवाने आपल्या हाती सोपविलेली ठेव आहे, आणि ती भोळेपणाने उधळण्यात कसलीही धार्मिकता नाही. परंतु हे रक्षण करताना आपण दार किती लावून घ्यावे? ज्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही, त्या आवाजाचे आपण काही देणे लागतो काय? तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात घर करून आहे.

त्या दुपारी माझ्यासमोर उत्पत्तीचेच पुस्तक उघडे होते, हेही मी विसरू शकत नाही. पवित्र शास्त्रातील एका मोठ्या फसवणुकीची कथा तेथे २७ व्या अध्यायात आहे. इसहाक वृद्ध झाला आहे, त्याची दृष्टी मंदावली आहे, आणि कोण आले आहे हे त्याला केवळ आवाजावरून ओळखावे लागते. आवाज याकोबाचा आहे हे त्याच्या कानांनी अचूक हेरले होते. त्याने शंका घेतली, पुन्हा विचारले. परंतु करडांची कातडी गुंडाळलेले हात आणि एसावाच्या वस्त्रांचा वास यांनी त्या शंकेवर मात केली. आजचा ठक हेच करतो. आपल्या मनात शंका येते, पण तो खाकी गणवेश दाखवितो, मागे कार्यालयाचा देखावा उभा करतो, आपले नाव, पत्ता आणि आधार क्रमांक घडाघडा म्हणून दाखवितो. आता तर यंत्राच्या साहाय्याने मुलाच्या किंवा नातवाच्या आवाजाची हुबेहूब नक्कलही करता येते. इसहाकाने ज्या कानांवर विसंबायला हवे होते, ते कानही आज पुरेसे राहिलेले नाहीत. म्हणून आपल्या मंडळीतील जे वडीलधारे अशा जाळ्यात सापडले, त्यांना मूर्ख म्हणण्यापूर्वी त्या आंधळ्या कुलपित्याची आठवण करावी. फसलेल्या मनुष्याला आधीच लाज वाटत असते. त्या लाजेपायी तो गप्प राहतो, आणि त्याच्या गप्प राहण्यानेच ठकाचे फावते.

पुढे ३१ व्या अध्यायात याकोब आपल्या सासऱ्याला न सांगता निघून जातो. राहेलीने बापाच्या गृहदेवता चोरल्या असे एका वचनात म्हटले आहे. आणि लगेच पुढच्या वचनात मूळ इब्री भाषेत तेच क्रियापद वापरून, याकोबाने लाबानाचे हृदय चोरले, असे शब्द आहेत. अर्थ असा की, त्याने त्याला फसविले. इब्री लोकांच्या दृष्टीने हृदय हे विचाराचे आणि निर्णयाचे स्थान होते. ते चोरणे म्हणजे मनुष्याची विवेकबुद्धी त्याच्या नकळत काढून घेणे. दाविदाचा पुत्र अबशालोम याने इस्राएल लोकांची मने वळविली, तेथेही हीच चोरीची भाषा आहे. हा वाक्प्रचार बोलीत कसा आणावा याची चर्चा करताना माझा हा मित्र हसून म्हणाला होता, "असं लिहिलंत तर लोक म्हणतील, आता यांचं लग्न लावून द्या!" मराठीतही हृदय चोरण्याचा अर्थ तोच होतो. शेवटी आम्ही "फसविले" असा साधा शब्द घातला. आज मात्र मला वाटते की, त्या मूळ शब्दांत एक सत्य दडलेले आहे. ठक पैसे नंतर चोरतो; त्याआधी तो आपले हृदय चोरतो. भीती किंवा लोभ दाखवून आणि घाई करून तो विचार करण्याची शक्तीच काढून घेतो.

'डिजिटल अरेस्ट' नावाच्या फसवणुकीत हे स्पष्ट दिसते. स्वतःला पोलीस किंवा न्यायालयाचा अधिकारी म्हणविणारा ठक मनुष्याला तासन्तास, कधी कधी अनेक दिवस फोनच्या पडद्यासमोर बसवून ठेवतो आणि बजावतो की, घरातल्या कोणालाही काही सांगू नका. अशा प्रकारच्या अटकेची तरतूद आपल्या देशाच्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ रोजी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात ही गोष्ट देशाला सांगितली. तरीही सुशिक्षित माणसे फसतात, कारण त्यांना एकटे पाडले जाते. एदेन बागेतील सर्पाने जो संवाद केला तो स्त्रीशी. देवाला विचारून ये, असे तो तिला म्हणाला नाही. मोहाला तिसरा माणूस नको असतो.

आता माझ्या बाबतीत काय घडले ते पाहा. त्या दुपारी ठकाने माझा एक रुपयाही नेला नाही. मी सावध होतो आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. तथापि माझे हृदय त्याने नेलेच. अनोळखी आवाज ऐकून घेण्याची माझी तयारी त्याने नेली, आणि त्याची किंमत एका मरणाऱ्या मित्राने मोजली. फसवणुकीचे हे नुकसान कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविले जात नाही. आपण मराठी ख्रिस्ती लोक इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर असे दूरदूर पांगलेले आहोत. मृत्यूची, जन्माची, संकटाची बातमी आपल्याकडे फोनवरूनच येते, आणि संकटात सापडलेल्या माणसाच्या हाती बहुधा दुसऱ्याचाच फोन असतो.

मग खोट्याला खोट्याने उत्तर द्यावे काय? माझ्या ओळखीचे काही तरुण ठकांना मुद्दाम बोलण्यात गुंतवितात, खोटे आकडे सांगतात, त्यांचा वेळ घालवितात, आणि हे पुण्यकर्म आहे असे समजतात. हा प्रश्न नवा नाही. संत ऑगस्टीन यांच्यासमोर इ. स. ४२० च्या सुमारास असाच प्रश्न आला होता: आपली मते लपवून खोटे बोलणाऱ्या पाखंडी लोकांना पकडण्यासाठी ख्रिस्ती माणसाने पाखंडी असल्याचे सोंग करावे काय? त्यांनी नकार दिला. खोटेपणा सत्याने जिंकायचा असतो. त्यासाठी आपणच खोटे बोललो तर त्याच्या राज्यात एका प्रजाजनाची भर पडते, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. कोणी विचारील की, इब्री सुइणी शिप्रा व पुवा आणि यरीहोची राहाब यांनी काय केले? त्या निरपराध माणसांचे प्राण वाचवीत होत्या, आणि त्यांच्या दारात सत्ताधीशाची माणसे उभी होती. आपल्यापुढे तसा पेच नाही. आपल्या हाती फोन बंद करण्याची कळ आहे. ज्याला विचारण्याचा अधिकार नाही त्याला उत्तर न देणे हे असत्य नव्हे. हेरोदाने पुष्कळ प्रश्न विचारले तेव्हा आपला प्रभूही गप्प राहिला होता.

शिवीगाळीचा प्रश्न याहून नाजूक आहे. पलीकडे कोण असते याचा आपण क्वचितच विचार करतो. कर्ज किंवा विमा विकण्यासाठी फोन करणारी मुलगी बहुधा ठक नसते. दिवसाला ठरावीक फोन करण्याचे बंधन घातलेली ती एक नोकरदार असते, आणि दिवसभर नकार व अपमान ऐकणे हाच तिचा पोटाचा धंदा असतो. तिला "नको, ताई" एवढे म्हणण्यास दोन क्षण पुरतात. जे खरोखर फसवितात त्यांच्यातही सर्वच स्वेच्छेने आलेले नसतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोकांना बळजबरीने अशा फसवणुकीच्या कामाला जुंपलेले असावे. चांगल्या नोकरीच्या आमिषाने नेऊन तेथे त्यांना डांबले जाते आणि मारहाण करून फोनसमोर बसविले जाते. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरील अशा ठिकाणांहून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना वायुसेनेच्या विमानांनी मायदेशी आणण्यात आले. ज्याला आपण लांडगा समजून दगड मारतो, तो कधी कधी लांडग्याने धरलेले मेंढरू असतो.

आणि कधी कधी तो आपल्याच घरचा असतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील काही कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा शेकडो तरुण तेथे काम करताना आढळले. अमेरिकेतील कर अधिकारी असल्याचे भासवून ते तेथील नागरिकांना अटकेची भीती घालीत होते. इंग्रजी चांगले बोलता येणारी, सुशिक्षित, मध्यमवर्गीय घरांतील मुले! आपल्या मुलाला पहिला पगार मिळाला की आपण उपकारस्तुतीची प्रार्थना करतो. तो पगार कोणाच्या भीतीतून आला, हे विचारणारे आईबाप आपल्यात किती आहेत? फोनच्या अलीकडच्या टोकाला बसून नीतीची चर्चा करणे सोपे आहे. पलीकडच्या टोकाचीही जबाबदारी आपल्या मंडळ्यांवर आहे.

मत्तयाच्या १० व्या अध्यायात प्रभू आपल्या शिष्यांना लांडग्यांत पाठविताना त्यांच्याकडून सापाची हुशारी आणि कबुतराचे निर्मळपण अशा दोन गोष्टींची अपेक्षा करतो. निर्मळपणासाठी तेथे जो ग्रीक शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ 'भेसळ नसलेला' असा आहे. पाणी न घातलेल्या द्राक्षारसासाठी आणि निर्भेळ धातूसाठीही तो वापरीत. भोळेपणा असा त्याचा अर्थ होत नाही. हुशारीत कडवटपणाची भेसळ होऊ नये, असे मी त्यावरून स्वतःपुरते समजतो.

सापाची हुशारी म्हणजे व्यवहारात काय, तेही सांगितले पाहिजे. फोनवर आलेला सांकेतिक अंक, म्हणजे ओटीपी, कोणालाही सांगू नये. बँक, पोलीस, न्यायालय यांच्या नावाने फोन आल्यास तो ठेवावा, आणि त्या कार्यालयाचा क्रमांक आपण स्वतः शोधून विचारावे. जाहिरातीचे फोन नको असल्यास १९०९ या क्रमांकावर तशी नोंद करता येते. फसवणुकीचा संशयास्पद फोन आल्यास शासनाच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावरील 'चक्षु' या सुविधेत कळवावे. पैसे गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका लवकर तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक. आणि सर्वांत महत्त्वाचे, पैशाचा कोणताही निर्णय एकट्याने घेऊ नये. आमच्या मंडळीत आता प्रत्येक वृद्ध सभासदाने एक माणूस नेमून ठेवला आहे. कोणी फोनवर घाई केली की आधी त्या माणसाला कळवायचे, एवढाच नियम. ठकाला जो तिसरा माणूस नको असतो, तो मंडळीने पुरवावा.

कबुतराच्या निर्मळपणाबद्दल मी कोणाला शिकवावे अशी माझी पात्रता नाही. मी एवढेच करतो की, अनोळखी फोन आला तर "कोण बोलता? काय काम आहे?" असे विचारून एक वाक्य पुरते ऐकून घेतो. काम नको असेल तर "नको" म्हणतो. फसवणूक आहे असे दिसले तर एकही शब्द न बोलता फोन ठेवतो. शिवी देत नाही. आणि त्या आवाजामागे कोणी कैदी असेल तर प्रभूने त्याला सोडवावे, एवढी मनातल्या मनात विनंती करतो. बहुतेक वेळा माझे ते एक वाक्य वाया जाते.

त्या दुपारी मी बंद केलेला तो क्रमांक दफनभूमीवरून परतल्यावर पुन्हा खुला केला आणि त्या गृहस्थांना फोन करून क्षमा मागितली. ते मला ओळखत नव्हते. त्यांचा स्वतःचा रुग्णही तोवर बरा होऊन घरी गेला होता. ते म्हणाले, "साहेब, हल्ली मीसुद्धा तसाच ओरडतो." आणि मग त्यांनी माझ्या मित्राच्या शेवटच्या रात्रीविषयी त्यांना आठवत होते ते सर्व मला सांगितले.