पाचातला एक



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६.

गीता सुरू होते तीच एका खचलेल्या पुढाऱ्यापासून. अर्जुन काही आळशी नव्हता. सगळं सैन्य ज्याच्याकडे बघत होतं, त्याचेच हातपाय गळाले, धनुष्य हातातून निसटायला लागलं आणि तो रथात खाली बसला. आज एखाद्या टीम लीडचं असं झालं तर आपण म्हणतो, "बर्नआउट झाला बिचारा."

भगवंत त्याला पुष्कळ काही सांगतात. पण शेवटच्या अध्यायात एक साधा हिशेब मांडतात, तो माझ्यासारख्या इंजिनिअर माणसाला फार पटतो. कोणतंही कर्म, चांगलं असो की वाईट, पाच कारणं मिळून घडतं: अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, करणं म्हणजे इंद्रियं आणि साधनं, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि पाचवं दैव. हे असं असताना जो म्हणतो की करणारा मी एकटाच, त्याला काही दिसतच नाही, असं देव स्पष्ट सांगतात.

आता आपली एखादी रिलीज घ्या. रात्री दोनला सर्व्हर पडला. लीड काय म्हणतो? "मी नसतो तर काय झालं असतं!" किंवा "सगळं माझ्यामुळे झालं." दोन्ही वाक्यं ऐकायला उलटी वाटतात, पण मूळ एकच: पाचाच्या जागी एक. श्रेय घेणारा आणि दोष ओढवून घेणारा, दोघांचाही अहंकार तेवढाच मोठा असतो. दुसऱ्याचा आपल्याला नम्रपणा वाटतो, एवढंच.

आमच्या दर्यापूरच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी खारं, म्हणून कपाशी आणि तूर पावसाच्या भरवशावर. नांगरणं, पेरणं, निंदणं त्याच्या हातात. आभाळ त्याच्या हातात नाही. आणि हा हिशेब सुटून सगळा भार एकाच माणसाच्या डोक्यावर आला की काय होतं, तेही वऱ्हाडानं पाहिलं आहे. म्हणून ही नुसती तत्त्वज्ञानाची गोष्ट नाही. माणूस वाचवायची गोष्ट आहे.

आता याचं आचरण बघायला लांब जायची गरज नाही. दर्यापूरला लागूनच अंजनगाव सुर्जी तालुका. तिथल्या शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ ला डेबूजी जन्मले, आपले गाडगेबाबा. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. गावात गेले की आधी खराटा, मग रात्री कीर्तन, आणि मग पुढचं गाव. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतः त्यात मुक्काम ठोकला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. बांधलं, चालतं केलं, दुसऱ्याच्या हाती दिलं आणि निघाले. शिष्यांचा गोतावळाही जमवला नाही.

त्यांचं कीर्तनसुद्धा बघा. बाबा लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून यायचं. खराटाही आधी बाबांच्या हाती, मग गावकऱ्यांच्या. सगळ्या गावाचा कचरा एकट्यानं झाडायचा त्यांचा विचारच नव्हता. माझ्या मते हे फार मोठं नेतृत्व आहे. आपल्या धंद्यात ज्याच्यावाचून सगळं अडतं त्याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. सिस्टिममध्ये असा एक बिंदू दिसला की आपण घाबरतो. मग टीममध्ये आपण स्वतःच तो झालो, की अभिमान का वाटतो?

इथे कुणी म्हणेल, बाबा तर म्हातारपणापर्यंत फिरत होते, २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ प्रवासातच त्यांनी देह ठेवला. मग आपणही थांबू नये? असं नका करू बरं! बाबांचं वैराग्य आपल्याकडे नाही आणि कंपनीचं टार्गेट म्हणजे काही लोकसेवा नव्हे. सामान्य साधकासाठी सहाव्या अध्यायात देवांनी आधीच सांगून ठेवलं आहे: फार खाणाऱ्याला योग साधत नाही, उपाशी राहणाऱ्यालाही नाही, फार झोपणाऱ्याला नाही, तसा जागत राहणाऱ्यालाही नाही. आणि पाच कारणांच्या यादीत पहिलं नाव शरीराचंच आहे. म्हणून घरून फोनवर "जेवला काय रे बापू?" असं विचारलं की चिडू नका. ती अधिष्ठानाची चौकशी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं नोंदवली: अंगातलं बळ संपणं, कामाविषयी मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून नीट काम होत नाही असं वाटणं. संघटनेनं त्याचा संबंध कामाच्या जागेवरच्या न आवरलेल्या ताणाशी जोडला आहे. म्हणजे दर वेळी दोष आपल्या मनाचा नसतो. चौघांचं काम एकावर टाकलं असेल तर "माणसं वाढवा" असं वरिष्ठांना सांगणं हेही आत्मभानच. आणि झोप, भूक, जगण्याची इच्छाच हरवत असेल तर नामस्मरणासोबत डॉक्टरकडे जा. डॉक्टर आणि औषध हीसुद्धा देवानंच दिलेली साधनं आहेत.

आजचा अभ्यास: रात्री लॅपटॉप मिटल्यावर पाच मिनिटं शांत बसा आणि पाच प्रश्न विचारा. आज शरीराला काय दिलं? "मीच" हा शब्द मनात किती वेळा आला? साधनं पुरेशी होती का? कुणाचे प्रयत्न मी पाहिलेच नाहीत? आणि माझ्या हातात नसलेलं काय मी हातात धरून बसलोय? चौथ्या प्रश्नाचं जे नाव येईल, त्या माणसाला उद्या सकाळच्या स्टँडअपमध्ये सगळ्यांसमोर धन्यवाद द्या. पाचव्याचं जे उत्तर येईल, ते पांडुरंगाच्या पायाशी ठेवा आणि झोपा.

पांडुरंगा, माझ्या वाट्याचा पाचवा हिस्सा मनापासून करायची बुद्धी दे, आणि उरलेले चार माझे नाहीत हे लक्षात राहू दे.

जय हरी!