ऐकणे आणि मानणे

परवा खडेबाजारात एका निवृत्त स्नेह्यांनी विचारले, "तुम्ही घेतलात तसा कन्व्हर्टर मीही घेऊ का?" प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना जीभ अडखळली.

सीडीवर गाणे आकड्यांच्या रूपात असते. त्या आकड्यांचा पुन्हा नाद करतो तो कन्व्हर्टर. माझा वीस वर्षांचा जुना झाला म्हणून मी नवा आणला. पहिल्याच रात्री मल्लिकार्जुन मन्सूरांचा आवाज अधिक मोकळा वाटला, तंबोऱ्याच्या तारा सुट्या ऐकू आल्या. शेजारच्या कानडी मास्तरांना बोलावून ऐकवले. तेही "छान" म्हणाले. मग मी ही थोरवी गावभर सांगितली.

दिवाळीत पुतण्या आला. म्हणाला, "काका, दोन्हींचा आवाज मोजून सारखा करतो. चालू कोणते, ते सांगणार नाही. ओळखा." वीस वेळा ऐकले, अकरा वेळा बरोबर आले. नाणे उडवूनही तेवढेच आले असते! मोजताना कळले की नव्याचा आवाज जुन्यापेक्षा किंचित मोठा होता, आणि मोठा आवाज कानाला चांगला वाटतो.

यात नवल नाही. 1982 साली बाजारात आलेल्या सीडीत दर सेकंदाला 44,100 नोंदी असतात आणि प्रत्येक नोंदीला 65,536 पायऱ्या. माणसाचा कान तरुणपणीही सुमारे 20,000 हर्ट्झपर्यंतच पोचतो. साठीनंतर बराच खाली येतो. जुने यंत्र घरघरत असेल, तर ते जरूर बदलावे. पण धडधाकट असेल, तर स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढल्याने अधिक फरक पडतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

मग मी खोटे बोललो होतो का? नाही. मला खरोखरच तसे ऐकू आले होते. अनुभव खरा होता, त्याचे मी दिलेले कारण खोटे होते. त्या रात्री मी दिवे मालवले होते, वर्तमानपत्र बाजूला ठेवले होते. कित्येक वर्षांनी नुसता ऐकत बसलो होतो. मास्तरांना हे सांगितले तेव्हा ते हसले. "यंत्राकडे माझं लक्षच नव्हतं हो. मी गाणं ऐकत होतो."

1933च्या सुमारास गदगच्या दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँची तबकडी ऐकून अकरा वर्षांचे भीमसेन जोशी गुरूच्या शोधात घराबाहेर पडले. ती जेमतेम तीन मिनिटांची, खरखरणारी तबकडी होती. त्या खरखरीने त्यांचे काही अडले नाही.

अजाणता झालेली चूक क्षम्य आहे. पण ती कळल्यावरही, आपला खर्च शहाणपणाचा ठरावा म्हणून, दुसऱ्याला त्याच वाटेने पाठवणे क्षम्य नाही. स्नेह्यांना मी म्हटले, "घेऊ नका. मला फरक ओळखता आला नाही. आज रात्री दिवे मालवून जुन्यावरच ऐका." सांगताना थोडी लाज वाटली. घरी आल्यावर मात्र मन्सूर नेहमीपेक्षा मोकळे ऐकू आले.