थोरल्या बहिणीचा अपराध

वाचकहो, ‘शेमलेस’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेविषयी ख्रिस्ती मासिकात लिहावे की नाही, याचा मी बराच विचार केला. शेमलेस म्हणजे निर्लज्ज. नावाला साजेसे तिच्यात पुष्कळ काही आहे आणि कुटुंबाने एकत्र बसून ती पाहावी, असे मी मुळीच सुचवणार नाही. परंतु तिच्या एका भागाने माझ्यापुढे जो प्रश्न ठेवला, तो आपल्या घरांतला आणि आपल्या मंडळ्यांतलाही आहे; म्हणून हे लिहीत आहे.

मूळ मालिका इंग्लंडमधील. पॉल अ‍ॅबट यांनी ती लिहिली आणि २००४ साली ती सुरू झाली. तिची अमेरिकन आवृत्ती २०११ ते २०२१ अशी अकरा पर्वे चालली. शिकागो शहराच्या दक्षिण भागातील गॅलघर नावाच्या कष्टकरी कुटुंबाची ही कथा कधी हसवते, तर कधी घशाशी आवंढा आणते. बाप फ्रँक अट्टल दारुडा. आई मोनिका मनाने आजारी, घर सोडून गेलेली. मुले सहा. त्यांत थोरली फियोना. शाळा अर्धवट सोडून तिने पाच भावंडांना वाढवले. विजेचे बिल भरण्यासाठी घरातील प्रत्येकाकडून पैसे गोळा करणारी, मिळेल ते काम करणारी ही मुलगी पुढे न्यायालयात जाऊन भावंडांची कायदेशीर पालकही होते.

मी ज्या भागाविषयी बोलतो आहे, तो २०१४ सालच्या चौथ्या पर्वातील आहे. फियोनाला आता बरी नोकरी लागली आहे. घराला थोडा श्वास घेता येतो आहे. अशातच एका रात्री घरी मित्रमंडळी जमतात. कोणीतरी आणलेले कोकेन मेजावर उघडे राहते आणि सर्वांत धाकटा लियाम, अजाण बालक, ते तोंडात घालतो. मुलाला इस्पितळात न्यावे लागते. तो वाचतो, पण थोरल्या बहिणीच्या हातांत बेड्या पडतात.

आता वाचकहो, आपण न्यायासनावर बसलो आहोत असे समजा. काय निकाल द्याल?

एक उत्तर दयेचे दिसते. दोष बापाचा, दोष गरिबीचा. जिला स्वतःला बालपण मिळाले नाही, तिला कसले दोषी धरता? दुसरे उत्तर कठोर आहे. मूल मरणाच्या दारात गेले. मागे केलेले सर्व कष्ट त्या एका रात्रीने पुसले गेले. धाकटा भाऊ लिप हे दुसरे उत्तर देतो. त्याचा क्रोध खोटा नाही. परंतु एक गोष्ट लक्षात घ्या. बाप जन्मभर या मुलांचे लुबाडत आला. त्याच्या खोड्यांवर ती हसतात, त्याला ओलांडून शाळेत जातात. बहिणीची मात्र एकच चूक त्यांना असह्य होते. बापाकडून कोणाची काही अपेक्षाच उरलेली नाही. बहिणीकडून मात्र सर्वच अपेक्षा आहे. जो आपल्याला वाहून नेतो, त्याला ठेच लागण्याचीही मुभा आपण ठेवत नाही.

ज्याच्याकडे पुष्कळ सोपवले त्याच्याकडून अधिक मागितले जाईल, असे प्रभूने सांगितले आहे, हे खरे. पण फियोनाला पुष्कळ दिलेले नव्हते. तिच्यावर पुष्कळ लादलेले होते. देणे आणि लादणे यांतला फरक आपण विसरतो.

मग दयेचे उत्तर बरोबर म्हणावे काय? तेही पुरे नाही. फियोना स्वतः त्या सबबीच्या आड लपत नाही. न्यायालयात ती गुन्हा कबूल करते. तिचा काही दोषच नव्हता असे म्हणणे म्हणजे तिला परिस्थितीच्या वाऱ्यावर उडणारे पान ठरवणे होय. शिवाय जिथे अपराधच नाही, तिथे क्षमा तरी कसली? दावीद राजा रणांगणावर नव्हे, तर सैन्य लढाईला गेले असता यरुशलेमेत स्वस्थ राहिला तेव्हा पडला. ताण ओसरला की मनावरचा पहाराही ढिला होतो. हे समजून घेणे म्हणजे पापावर पांघरूण घालणे नव्हे.

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल एकमेकांची ओझी वाहण्यास सांगतो आणि तीनच वचने पुढे प्रत्येकाने आपला भार आपणच वाहावा असे म्हणतो. वरवर हा विरोध वाटतो. परंतु मूळ ग्रीक भाषेत दोन ठिकाणी दोन निरनिराळे शब्द आहेत. त्यांवरून असा अर्थ लावता येतो की, पहिले ओझे एकट्याच्या खांद्याला न पेलणारे, म्हणून सर्वांनी वाटून घेण्याचे. दुसरा भार ज्याचा त्याचा, दुसऱ्याला देता न येणारा. त्या रात्रीचा अपराध हा फियोनाचा स्वतःचा भार होता. पाच मुलांचे संगोपन हे मात्र वाटून घ्यायचे ओझे होते आणि ते वाटून घेण्यास पुरेसे हात पुढे आले नाहीत. तिचा निवाडा करताना पहिला भार मोजावा. पण दुसरे ओझे कोणी टाकले आणि कोणी उचलले नाही, हेही विचारावे. या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आपलेही नाव निघण्याचा संभव आहे.

कारण आपल्या मंडळीतही अशी एखादी थोरली बहीण असते. लग्नाचे वय उलटले तरी भावंडांच्या फिया भरणारी, अंथरुणावर खिळलेल्या आईचे करणारी, रविवारी वेळेवर उपासनेला हजर राहणारी. आपण तिची स्तुती करतो, तिच्यासाठी प्रार्थना करतो आणि निश्चिंत मनाने घरी जातो. लोकांचा न्याय करीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच बसलेल्या मोशेला पाहून त्याचा सासरा इथ्रो याने त्याची वाहवा केली नाही. हे बरे नव्हे, तूही थकशील आणि लोकही थकतील, अशा अर्थाचे तो बोलला आणि काम वाटून देण्याची रीत त्याने दाखवली. खरी प्रीती पुष्कळदा अशी व्यवहारी असते.

ती बहीण कधी पडलीच, तर तिच्या पापाला पाप म्हणण्याचे धैर्य आपल्या ठायी असो, आणि तिला उठवण्यासाठी खाली वाकण्याची नम्रताही असो. पण त्याआधी, ती अजून उभी आहे तोवर, या आठवड्यात तिच्या घरी जाऊन एवढेच विचारा: “ताई, यातले कोणते काम आजपासून माझ्याकडे देतेस?”