अणिमांडव्यांची मर्यादा आणि तीनशे शब्दांचा निबंध

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मंडळी, आजचं चिंतन महाभारताच्या आदिपर्वातल्या एका छोट्या कथेवर.

मांडव्य ऋषी मौन धरून तप करत होते. चोर आले आणि चोरीच्या मालासकट त्यांच्या आश्रमात लपले. राजाच्या शिपायांनी विचारलं, ऋषी बोलले नाहीत. माल सापडला आणि चोरांबरोबर ऋषींनाही सुळावर चढवलं. पुढे राजाने क्षमा मागितली, पण सुळाची अणी शरीरातच राहिली, म्हणून ते अणिमांडव्य. त्यांनी यमधर्माला जाब विचारला की माझं पाप कोणतं? उत्तर मिळालं, कीटकांना काडी टोचली होती, त्याचं हे फळ. एवढ्याशा पोरखेळाला एवढा दंड? ऋषींनी तिथेच मर्यादा घातली: चौदा वर्षांपर्यंतच्या कर्माचं पातक लागणार नाही, त्यापुढे मात्र दोष लागेलच. आणि धर्माला शाप दिला, तू माणूस होऊन जन्म घे. तोच विदुर.

या मर्यादेला दोन बाजू आहेत. लहानाला मोठ्याच्या मापाने मोजू नका, ही एक. आणि समज आली की जबाबदारीही येते, ही दुसरी. आपण बहुतेकदा सोयीची तेवढी बाजू उचलतो.

१९ मे २०२४ ची पहाट आठवा. वाशिम, कारंजा, रिसोडहून पुण्यात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्यासारख्यांना ती विसरता येणार नाही. कल्याणीनगरमध्ये एका भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनिअरना उडवलं. दोघंही २४ वर्षांचे, मध्य प्रदेशातून पुण्यात आलेले. गाडी चालवत असल्याचा आरोप असलेला मुलगा १७ वर्षांचा होता. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला. अटींमध्ये एक होती, अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची. देशभर संताप उसळला. मग त्याला निरीक्षणगृहात पाठवलं आणि जूनमध्ये उच्च न्यायालयाने सोडलं. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवा, ही पोलिसांची मागणी जुलै २०२५ मध्ये मंडळाने फेटाळली.

अनेकांना वाटलं, हा कायदाच चुकीचा. पण २०१५ चा बाल न्याय कायदा नीट वाचला तर त्यात अणिमांडव्यांचाच विचार दिसतो. १८ च्या आतल्या मुलाला तो गुन्हेगार म्हणत नाही, विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतो. त्याचं नाव छापू देत नाही. जामीन हा नियम, नाकारणं हा अपवाद. १६ ते १८ वयात अतिगंभीर गुन्हा घडला तर त्याची समज तपासून प्रौढ म्हणून खटला चालवायची वाटही ठेवतो. मूल अजून घडतंय, ही यामागची श्रद्धा. आपल्या कारंज्यात जन्मलेले नृसिंह सरस्वती मुंजीपर्यंत ओंकाराशिवाय काही बोलले नाहीत, असं गुरुचरित्र सांगतं. तेव्हा लोकांनी त्यांना मुकं ठरवून टाकलं होतं! लेकराचा निकाल लवकर लावू नये, एवढं तरी आपण त्यातून घेऊ शकतो.

मग पुण्यात मनाला काय टोचलं? मला वाटतं, दया नव्हे, पांघरूण. रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, डॉक्टरांना आणि मुलाच्या आईवडिलांनाही अटक झाली. ते खटले कोर्टात ठरतील. पण क्षमा आणि पांघरूण यांत फरक आहे. क्षमेत आधी चूक समोर ठेवावी लागते. पांघरुणात ती झाकली जाते, आणि मग मुलाला सुधारायला काही उरतच नाही.

आता विदुराकडे बघा. धर्माला जन्म मिळाला तो नेमका धृतराष्ट्राच्या घरी, पोराला आवर न घालणाऱ्या बापाशेजारी. काडी टोचणाऱ्या बालकाला सुळाचं फळ देणारा धर्म इथे जन्मभर त्या बापाला समजावत राहिला. दुर्योधनाला वेळीच रोखलं असतं तर कुरुक्षेत्रापर्यंत गोष्ट गेलीच नसती.

आणखी एक बाब. कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात बाल न्याय मंडळ असावं लागतं, म्हणजे आपल्या वाशिममध्येही. त्यात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यांतली किमान एक महिला. समजा, तिथे मोबाईल चोरताना सापडलेला, ऊसतोडीला गेलेल्या आईबापाचा १५ वर्षांचा पोरगा उभा आहे. जामिनासाठी धावणारं कुणी नाही. त्यालाही तितक्याच लवकर, तितक्याच मायेने ऐकलं जाईल का? मर्यादा ऋषींनी सगळ्या बालकांसाठी घातली होती, श्रीमंताच्या लेकरापुरती नाही.

आणि ज्यांची २४ वर्षांची लेकरं गेली, त्या आईबापांपुढे यातलं काहीच पुरेसं नाही. त्यांना सांत्वन म्हणून कर्मफळाच्या गोष्टी ऐकवू नयेत. त्यांचं दुःख त्या मुलाला खरंखुरं कळावं, इतकी तरी अपेक्षा न्यायाकडून हवी. ३०० शब्दांत ते मावणार नाही.

आजचा संकल्प: बातमीत एखाद्या अल्पवयीन मुलाचं प्रकरण दिसलं की 'फाशी द्या' किंवा 'पोरच आहे, सोडा' टाइप करण्याआधी दोन प्रश्न विचारूया. याच्या आजूबाजूचे मोठे काय करत होते? आणि हाच न्याय गरिबाच्या पोराला मिळाला असता का?

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥