घसरलेल्या संघाचे सोबती

२०२५ चा जून महिना. शाळा सुरू होऊन चारच दिवस झाले होते. आमची शाळा उर्दू माध्यमाची, मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत. जूनमध्ये आमच्या ऑफिससमोर दोन रांगा लागतात. एक प्रवेश घेणाऱ्यांची, दुसरी दाखला नेणाऱ्यांची. गेली काही वर्षे दुसरी रांग पहिलीपेक्षा लांब असते. दाखला मागायला आलेल्या पालकांशी पाच मिनिटे बोलायचे, समजावायचे, जमल्यास थांबवायचे, हे काम हेडमास्तरांनी माझ्याकडे दिले आहे. मातृभाषेतून शिक्षण, मुलाची समज, आपली जबान, असे बी.एड.ला शिकलेले सगळे मी त्या पाच मिनिटांत सांगून टाकतो. पालक अदबीने ऐकतात, मान डोलावतात आणि दाखला घेऊन जातात.

त्या दिवशी आलेले गृहस्थ कोलकात्याच्या मटियाबुर्जचे. लखनौचा नवाब वाजिद अली शाह १८५६ नंतर जिथे येऊन राहिला तेच मटियाबुर्ज. आज ती शिंप्यांची, तयार कपड्यांची वस्ती आहे. हे गृहस्थ इथे एका कारखान्यात कटिंग मास्टर आहेत. वस्तीत त्यांना सगळे ‘मास्टरजी’ म्हणतात. (मलाही मास्टरच म्हणतात, पण ‘जी’ फक्त त्यांना लागतो!) मुलगा चौथी पास झालेला, हुशार. त्याला जवळच्या इंग्रजी शाळेत घालायचे होते. मी माझे भाषण सुरू करणार तोच त्यांच्या मोबाइलच्या कव्हरकडे लक्ष गेले. काळा-पांढरा रंग आणि मोहम्मेडन स्पोर्टिंगचे नाव.

फुटबॉलचे मला फार कळते असे नाही. पण माझे मरहूम मामू मदनपुऱ्यात राहायचे आणि कूपरेजवर रोव्हर्स कपचे सामने पाहायला जायचे. त्यांच्या तोंडून हे नाव लहानपणी पुष्कळदा ऐकले होते. सहज म्हणून विचारले, “अजून खेळतो का हा क्लब?” मास्टरजींनी माझ्याकडे असे पाहिले, जसे एखाद्याने ‘अब्बा हयात आहेत का?’ असे विचारावे आणि अब्बा आतल्या खोलीत बसलेले असावेत. पाच मिनिटांचे बोलणे तासाभरावर गेले.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हा क्लब १८९१ चा. कलकत्ता लीगमध्ये गोऱ्या पलटणींचे आणि युरोपियन क्लबांचे राज्य होते. १९३४ साली मोहम्मेडन स्पोर्टिंगने ती लीग जिंकली. असे करणारा हा पहिला भारतीय संघ. नुसता जिंकला नाही, तर १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे जिंकत राहिला. १९४० मध्ये दिल्लीत ड्युरंड कप आणि आपल्या मुंबईत रोव्हर्स कप, दोन्ही एकाच वर्षी. ड्युरंड जिंकणाराही हाच पहिला भारतीय संघ. हे सगळे मास्टरजींना तोंडपाठ होते आणि ते त्यांनी भराभर सांगून टाकले, जणू कलमा शिकवताना मुलाची अडचण नको म्हणून आधी सोपे शब्द घ्यावेत. त्यांना बोलायचे होते ते वेगळ्याच वर्षांबद्दल.

२००९ मध्ये क्लब आय-लीगमधून खाली सेकंड डिव्हिजनमध्ये घसरला. २०१३ मध्ये वर आला. एकाच मोसमात पुन्हा घसरला आणि मग थेट २०२० साली वर चढला. हिशेब केला तर जवळजवळ दहा वर्षे. तेव्हा मास्टरजी कोलकात्यात होते, आणि मैदानावरच्या क्लबच्या तंबूकडे त्यांचे जाणे-येणे होते. सेकंड डिव्हिजनचे सामने दुपारच्या उन्हात. टीव्हीवर काही नाही, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दोन ओळी. गॅलरीत नेहमीचेच चेहरे. एखादा चेहरा दिसला नाही तर लोक विचारायचे, बीमार तर नाही?

मी म्हटले, त्या दिवसांची आठवण गोड वाटत असेल. फुटबॉलवर लिहिणारे बहुतेक जण असेच काही लिहितात: पडत्या काळात प्रेम खरे होते, गर्दी नव्हती, आपलेपणा होता. मास्टरजी हसले. “सर, गोड काही नव्हते. राग यायचा. आम्ही शिव्या द्यायचो.” कोणाला? “कमिटीला. खेळाडू बिचारे काय करणार?”

हे मला महत्त्वाचे वाटते. आपण निष्ठेला, वफेला फार साखर लावतो. आपल्याकडच्या गझलेने तर वफादार माणूस म्हणजे मुकाट सोसणारा माणूस असे चित्र मनात पक्के बसवले आहे. मास्टरजींची वफा बोलणारी होती. तंबूच्या दारात उभे राहून ती हिशेब विचारत होती. आणि हिशेब विचारण्यासारखे बरेच होते. २०१३-१४ चा मोसम पाहा. सप्टेंबरमध्ये या संघाने ड्युरंड कप जिंकला. पुढे आयएफए शील्डही जिंकली. आणि त्याच मोसमात लीगमध्ये तळाला जाऊन खाली घसरला. २०१४ च्या अखेरीस पैशाअभावी संघ बंद ठेवण्याची घोषणा करण्याची पाळी आली. मास्तर असल्यामुळे मला यात ओळखीचे काहीतरी दिसले. कप म्हणजे परीक्षा. चार दिवस जागून निघून जाते. लीग म्हणजे वर्षभराची हजेरी. आमच्या समाजातली कित्येक गुणी माणसे कपात चमकतात आणि लीगमध्ये घसरतात. पण हे विषयांतर झाले.

माझ्या मनात घोळत राहिलेला प्रश्न असा की, घसरलेल्या संघाबरोबर राहणे हा सद्गुण आहे का? की ती फक्त सवय आहे, किंवा त्याहून वाईट, जुन्या वैभवाची नशा? १९३४ चे नाव घेतले की छाती फुगते. पण ज्यांनी तो खेळ पाहिला ते आता कोणी उरले असतील असे वाटत नाही. पाहिलेच नाही अशा विजयाचा अभिमान बाळगणे आपल्या अंगवळणी पडले आहे. फुटबॉलपुरतेच नाही. किल्ले, बागा, दिवाण, सगळ्याच बाबतीत. मी हे मास्टरजींना जरा तिखटपणेच बोललो. त्यांनी जे उत्तर दिले ते मला आधी ठाऊक नव्हते. म्हणाले, १९३४ चा संघ कुठून आला होता? सेकंड डिव्हिजनमधून. आदल्याच वर्षी वर चढला होता आणि वर येताच पहिल्या मोसमात लीग जिंकली. म्हणजे ज्या वैभवाची आपण माळ जपतो त्याची सुरुवातच खालच्या पायरीवर झाली होती. शिवाय ते नुसत्या जोशावर जिंकले नाहीत. देशाच्या वेगवेगळ्या भागांतून खेळाडू आणले, आणि बहुतेक हिंदी खेळाडू अनवाणी खेळत त्या काळात पावसाळी चिखलासाठी बूट घालायची सवय लावली. कोणीतरी बसून विचार केला होता. वैभवाची आठवण काढताना हा विचार करणारा माणूस आपण नेमका विसरतो.

मटियाबुर्जचाच एक मुलगा होता, मोहम्मद सलीम. १९३६ साली तो स्कॉटलंडला गेला आणि ग्लासगोच्या सेल्टिक क्लबच्या राखीव संघातून, पायाला पट्ट्या बांधून, अनवाणी दोन सामने खेळला. तिथल्या लोकांनी तोंडात बोटे घातली. त्याला राहा म्हणत होते. पण त्याला घराची ओढ लागली आणि तो परत आला. मास्टरजी हे सांगताना हळवे झाले. मला मात्र वाटले, तो राहिला असता तर? कोणाशी बेवफाई झाली असती? परतणारा तेवढा आपला आणि राहणारा परका, हा निकाल देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राने मला अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाबद्दल सांगितले होते. त्याने १९७० साली एक छोटे पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: एखादी संस्था बिघडू लागली की तिच्या माणसांपुढे दोन वाटा असतात, सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. आणि गंमत अशी की दर्जाची सर्वांत जास्त चाड असलेली माणसेच सर्वांत आधी सोडून जातात. म्हणजे जे बोलू शकले असते तेच निघून जातात, आणि मागे उरतात ते न बोलणारे. संस्था आणखी खाली जाते. निष्ठा कामी येते ती इथे. ती अशा माणसाला काही काळ दारात अडवून ठेवते, तेवढ्यात तो बोलून घेतो. हर्शमनने याचे एक उदाहरण शाळांचे दिले आहे, हे कळले तेव्हा मला झोप लागली नव्हती.

कारण आमच्या पालक सभेत प्रश्न विचारणारे दोघे-तिघेच असतात. विज्ञानाचे साहित्य कपाटात का बंद असते, गणिताला तीन महिने शिक्षक का नाही, हे विचारणारे. आणि त्यांतले एक मास्टरजी होते.

म्हणून मी त्यांना सरळच विचारले. “दहा वर्षे क्लब सोडला नाहीत. शाळा चौथीतच सोडता?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सर, वहाँ मेरी शाम जाती थी. यहाँ लड़के की उम्र जाएगी.”

मी बराच विचार केला आहे, पण या वाक्यातली फट मला अजून सापडलेली नाही. क्लबसाठी मास्टरजींनी खर्च केली ती स्वतःची संध्याकाळ, स्वतःची मजुरी, स्वतःचा घसा. वफा आपल्या गाठीची खर्च करता येते. दुसऱ्याच्या, आणि तेही मुलाच्या, खिशातून ती काढून देणे याला काय म्हणावे? पण दुसऱ्या बाजूने पाहावे तर प्रत्येक बापाने असाच हिशेब केला, आणि प्रत्येकाचा हिशेब बरोबरच आला, तर शाळेत उरलेल्या मुलांचे काय? त्यांच्या बापांना प्रश्न विचारता येत नाहीत म्हणून ती उरली आहेत. त्यांची संध्याकाळ नाही, त्यांचीही उम्रच जाते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींना भेटत नाहीत.

आता मला एक कबुली द्यायला हवी. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात दुसरीला आहे. रोज सकाळी तिला तिच्या शाळेच्या बसमध्ये बसवून मी मातृभाषेचे महत्त्व सांगायला माझ्या शाळेत जातो. स्टाफरूममध्ये आम्ही हा विषय काढत नाही. मास्टरजींना हे ठाऊक होते की नाही, कोण जाणे. ठाऊक असावे. वस्ती लहान आहे. त्यांनी तोंडातून अवाक्षर काढले नाही, याचे मला त्या दिवशी सर्वांत जास्त ओझे वाटले.

मास्टरजी क्लबकडे परत वळले, कदाचित माझी अवघडलेली मुद्रा पाहून. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये मोहम्मेडनने कलकत्ता लीग जिंकली, १९८१ नंतर प्रथमच. चाळीस वर्षे! तोपर्यंत मास्टरजी रोजीसाठी मुंबईत आले होते. कारखान्यात मशीन थांबवून त्यांनी फोनवर ते पाहिले. मार्कस जोसेफ या त्रिनिदादच्या खेळाडूने रेल्वेच्या संघावर एकमेव गोल केला. स्टेडियममध्ये ही गर्दी. मी विचारले, पडत्या वर्षांत यातले किती जण येत होते? त्यांनी हात उडवला. म्हणाले, “आए तो सही.” वाईट दिवसांत जे आले नाहीत त्यांना आनंदाच्या दिवशी दारात अडवून पावती मागणे त्यांना मंजूर नव्हते. आणि ज्याने सगळे वाईट दिवस पाहिले तो स्वतः त्या दिवशी हजर नव्हता, याचीही त्यांनी तक्रार केली नाही. मी असतो तर केली असती. इतकी वर्षे हजेरी लावणाऱ्याचा त्या दिवसावर काही हक्क बनतो, असे मला अजूनही वाटते.

पुढे २०२४ च्या एप्रिलमध्ये शिलाँगला जाऊन संघाने आय-लीग जिंकली. रशियन प्रशिक्षक आंद्रेई चेर्निशोव्ह. गोल करणारे परदेशी, खेळणारे सर्व जातिधर्मांचे. त्यानंतर इंडियन सुपर लीगमध्ये प्रवेश. आणि तिथल्या पहिल्याच मोसमात सर्वांत शेवटचा क्रमांक, शिवाय खेळाडूंचे पगार थकल्याच्या बातम्या. आमची भेट झाली ती या मोसमानंतर. मी म्हटले, एवढे चढून पुन्हा तळाशीच. “हाँ,” मास्टरजी म्हणाले, “लेकिन कमिटी वही है.” आणि त्यांनी कमिटीबद्दल जे सांगायला सुरुवात केली ते इथे छापण्यासारखे नाही. सेकंड डिव्हिजनमध्ये यायचा तो राग बहुधा हाच असावा. माणूस दीड-दोन हजार किलोमीटर दूर, आणि आवाज अजून तंबूच्या दारातला.

एव्हाना मधली सुट्टी संपली होती. शिपाई दोनदा डोकावून गेला. मुलगा बाहेर बाकावर बसून पाय हलवत होता. मी रजिस्टर ओढले, जन्मतारीख ताडून पाहिली, वर्तणूक ‘चांगली’ लिहिली. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यापाशी पेन थांबले. तिथे आम्ही नेहमी ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहितो. मास्टरजी वाकून पाहत होते. मी तेच लिहिले. त्यांनी सही केली, दाखल्याची घडी घातली आणि उठता उठता विचारले, “सर, पालक सभा या वर्षी कधी आहे? मी येऊ शकतो ना?”

नियमाने ते आता येऊ शकत नव्हते. मी म्हटले, या.