हरलेले वर्ष कोणाच्या खाती?



कोणी हरला की त्याच्या सांत्वनासाठी आपल्या भाषेत एक वाक्य तयारच असते: अपयश ही यशाची पहिली पायरी. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला, दुकान बुडालेल्या माणसाला, सामना हरलेल्या संघाला आपण हेच ऐकवतो. एकट्या माणसाच्या बाबतीत ते पुष्कळदा खरेही ठरते, कारण पायरीवर पाय ठेवणारा तोच आणि माडीवर पोचणाराही तोच. परंतु पायरी एकाची आणि माडी दुसऱ्याची असे झाले तर? महाविद्यालयांच्या खेळांत नेमके हेच घडते. मुलगा तीनचार वर्षे शिकतो, संघात खेळतो, पदवी घेऊन निघून जातो. संघाचे नाव मागे राहते, माणसे बदलतात. तेव्हा ज्याच्या वाट्याला केवळ हरण्याचीच वर्षे आली, त्याच्या हाती काय राहिले? या प्रश्नाचा विचार आज आपण करू.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यातील नावांची शर्यत या देशातील आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. १८२९ साली प्रथम झालेली ही शर्यत आता टेम्स नदीवर पटनीपासून मॉर्टलेकपर्यंत होते. अंतर ४ मैल ३७४ यार्ड. नावेत ८ वल्हेकरी आणि सुकाणू धरणारा एक. भरतीचे पाणी वर चढत असताना त्याच्या ओढीबरोबर नावा सोडतात. रेवदंड्याची किंवा राजपुरीची खाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांस भरतीचा हा हिशेब समजावून सांगावयास नको.

या शर्यतीत केंब्रिजचे पुरुष १९७६ ते १९८५ अशी ओळीने १० वर्षे हरले. १९७६ साली ऑक्सफर्डने १७ मिनिटांच्या आत शर्यत पुरी केली, असे पूर्वी कधी झाले नव्हते. १९७८ साली केंब्रिजची नाव शर्यतीतच बुडाली. १९८० साली ते अवघ्या काही फुटांनी हरले. पुढे नट म्हणून जगभर नावाजलेला ह्यू लॉरी त्या नावेत होता. १९८१ साली नावेच्या ८ लांब्यांइतके ते मागे पडले. त्या दिवशी ऑक्सफर्डचे सुकाणू सू ब्राउन हिच्या हाती होते, आणि या शर्यतीत उतरलेली ती पहिली स्त्री. १९८४ साली तर शर्यत सुरू होण्यापूर्वीच केंब्रिजची नाव उभ्या असलेल्या एका बार्जवर आदळून निकामी झाली. शर्यत दुसऱ्या दिवशी, रविवारी, घ्यावी लागली. केंब्रिजची मुले दुसरी नाव मिळवून उतरली आणि पुन्हा हरली. ऑक्सफर्डने त्या दिवशी १६ मिनिटे ४५ सेकंदांचा नवा विक्रम केला.

शेवटी १९८६ साली केंब्रिज ७ लांब्यांनी जिंकले. येथे गोष्ट संपली असती तर पायरी आणि माडीचे वाक्य शोभून दिसले असते. पण पुढच्याच वर्षी ऑक्सफर्ड पुन्हा जिंकले, आणि १९९२ पर्यंत जिंकतच राहिले. म्हणजे १७ वर्षांत केंब्रिजचा विजय एकच. त्यानंतर मात्र १९९३ ते १९९९ अशी ७ वर्षे केंब्रिजने शर्यत सोडली नाही. रात्र सरली की पहाट होते, असा नेम या हिशेबात कोठे सापडत नाही.

आता १९७७ साली नावेत बसलेला आणि १९७९ साली पदवी घेऊन गेलेला एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा. हिवाळ्यात पहाटे उठून, थंडीने बोटे बधिर झालेली असताना तो वल्ही मारीत होता. तीन शर्यती झाल्या, तिन्ही गेल्या. सात वर्षांनी आपले विद्यापीठ जिंकले हे ऐकून तो आनंदला असेल, यात शंका नाही. पण जिंकणाऱ्या नावेत तो नव्हता. 'तुझ्या हरण्यातून हे जिंकणे आले' असे त्याला सांगणे गोड असले तरी खरे आहेच असे नाही.

अमेरिकेत याहून मोठे उदाहरण आहे. विज्ञानासाठी प्रसिद्ध असलेली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था. तिचा पुरुषांचा बास्केटबॉल संघ १९८५ पासून आपल्या गटातील ३१० सामने ओळीने हरला. अखेर २२ फेब्रुवारी २०११ रोजी त्याने ऑक्सिडेंटल कॉलेजला ४६ विरुद्ध ४५, म्हणजे एका गुणाने, हरवले. पराभवांची ही माळ सुरू झाली तेव्हा त्या दिवशी जिंकलेल्या मुलांपैकी बहुतेकांचा जन्मही झाला नव्हता. मधल्या २६ वर्षांत किती मुले आली आणि गटातला एकही सामना न जिंकता गेली! त्या सर्वांना पायऱ्या म्हणावयाचे काय? माणूस ही दुसऱ्याची पायरी नव्हे. हे आम्हांस पहिल्याने सांगावयाचे आहे.

मग काही मंडळी दुसरे तयार उत्तर देतात. ती म्हणतात, 'हारजीत कशाला मनावर घ्यावी? भाग घेतला, गंमत झाली, पुरे.' हेही उत्तर आम्हांस पटत नाही. ज्याला हरण्याचे काहीच वाटत नाही तो मनापासून वल्हे मारीत नाही, आणि जो मनापासून वल्हे मारीत नाही तो समोरच्यालाही फसवतो. शर्यतीचे एक सत्य असे आहे की जिंकणाऱ्याचा विजय हरणाऱ्याच्या मेहनतीने तोलला जातो. १९८० साली केंब्रिजने अर्ध्या वाटेवर हात सैल सोडले असते, तर त्या काही फुटांच्या विजयाला काय किंमत उरली असती? १९८४ साली नाव फुटल्यावर 'आमचे नशीबच खोटे' म्हणून ती मुले घरी गेली असती, तर ऑक्सफर्डला विक्रम कोणाशी लढून करता आला असता? जिंकणाऱ्याच्या विक्रमात हरणाऱ्याचा घाम असतोच, फक्त त्याचे नाव पाटीवर नसते.

या दोन विद्यापीठांत एक जुनी रीत आहे. या शर्यतीत जो वल्हे मारतो त्याला 'ब्लू' हा मान मिळतो, नाव पुढे येवो वा मागे. ज्याने ही रीत घातली त्याने विचारपूर्वक घातली असावी. मान आहे तो जागा घेतल्याचा आणि ती शेवटपर्यंत सांभाळल्याचा. आठांच्या नावेत एकाने वल्हे टाकले तर उरलेले सात जण नाव सरळ नेऊ शकत नाहीत. म्हणून जागा घेणे हे एक वचन आहे. ते वचन जिंकण्याचे नाही, कारण जिंकणे कोणाच्याच हातात नसते. उरलेल्या सातांना मध्येच सोडून जाणार नाही, एवढेच ते वचन.

येथे कोणी विचारील, की मग हरतच राहावे काय? हट्ट आणि चिकाटी यांत फरक कोणता? प्रश्न योग्य आहे. आम्हांस फरक असा दिसतो: हट्टी माणूस हरतो आणि नशिबाला बोल लावतो, चिकाटीचा माणूस हरतो आणि कारण शोधतो. ऑक्सफर्डच्या विजयांना कारणे होती. डॅनियल टोपोल्स्की या शिक्षकाने १९७३ ते १९८७ अशी १५ वर्षे त्यांची मुले तयार केली आणि त्यांपैकी १२ शर्यती जिंकून दिल्या. समोरचा का जिंकतो हे पाहणे, त्याच्याकडून शिकणे, आपली पद्धत बदलणे, हेही हरणाऱ्याचे कर्तव्य आहे. नुसते सोसण्याला आम्ही सद्गुण म्हणणार नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. ज्यांच्या वाट्याला पुढेही कधी विजय येणार नाही, त्यांचे काय? यासाठी आपल्याच मुंबईची एक गोष्ट आठवावी. तेथील जुन्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांत हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे चार संघ होते, आणि १९३७ सालापासून 'दि रेस्ट' हा पाचवा. रेस्ट म्हणजे उरलेले: ख्रिस्ती, बौद्ध, आणि आपण ज्यू लोक. या उरलेल्यांच्या संघाने ती स्पर्धा कधीच जिंकली नाही. १९४५-४६ नंतर स्पर्धाच बंद पडली, म्हणजे पुढे जिंकण्याची संधीही राहिली नाही.

१९४३ सालच्या अंतिम सामन्यात हिंदूंनी ५८१ धावा केल्या. त्यांत विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० होत्या. रेस्टचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. सामना गेलाच होता. तरी दुसऱ्या डावात सांगलीचे विजय हजारे उभे राहिले आणि संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा त्यांनी एकट्याने केल्या. समोर बराच वेळ त्यांचे बंधू विवेक हजारे होते, त्यांच्या धावा २१. रेस्ट एक डाव आणि ६१ धावांनी हरले.

विजय हजारे यांचे ३०९ सर्वांना आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण आम्ही मात्र विवेक हजारे यांच्या २१ धावांचा विचार करतो. ती खेळी कोणत्याही विजयाची पायरी नव्हती, कारण विजय कधी आलाच नाही. ती गंमतही नव्हती. दुसऱ्या टोकाला एक माणूस मनापासून खेळत होता, आणि त्याला सोबत हवी होती. ती सोबत त्यांनी दिली. तिला मोल नव्हते असे कोण म्हणेल?

वाचकहो, हा प्रश्न खेळाच्या मैदानापुरता नाही. मुंबई, पनवेल, अलिबाग सोडून या थंड देशात जी पहिली पिढी आली, तिच्यापैकी कित्येकांना येथे शिक्षणाच्या मानाने हलकी कामे करावी लागली. आज त्यांची मुले, नातवंडे चांगल्या जागी आहेत, आणि समारंभात भाषण करणारे म्हणतात, 'त्यांच्या कष्टांचे चीज झाले.' हेतू चांगला असतो. पण ज्यांची मुले मोठ्या पदाला चढली नाहीत, किंवा ज्यांना मुलेच नव्हती, त्यांच्या कष्टांचे काय? ते वाया गेले? बापाने रात्रपाळी इमाने केली, आईने परक्या भाषेत घर चालवले, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला ती दोघे धावून गेली. ते काम त्याच दिवशी पुरे झाले. त्याला किंमत यावी म्हणून मुलाच्या पदवीची वाट पाहावी लागत नाही.

शाळेच्या संघातून मुलगा किंवा मुलगी घरी येते, तेव्हा आपला पहिला प्रश्न 'जिंकलात का?' असाच असतो. तो विचारूच नये असे आम्ही म्हणत नाही. हरले असतील तर खोटे समाधान मात्र देऊ नये. 'पुढच्या वेळी जिंकाल' असे वचन आपल्याला देता येत नाही. त्याऐवजी विचारावे, 'शेवटपर्यंत खेळलास का? बरोबरच्यांना सोडले नाहीस ना? समोरचे का जिंकले ते पाहिलेस का?' या तिन्हींची उत्तरे मुलाच्या हातची आहेत. ती नीट आली, तर ते वर्ष, हरलेले असले तरी, त्याच्या स्वतःच्या खाती जमा झाले.