कमीत कमी चिंता

चातुर्मासात सासूबाई अंगणातल्या गवतावरून कुणाला चालू देत नाहीत. पागोळ्यांखाली उगवलेला तेरडासुद्धा उपटायचा नाही. दशलक्षण पर्व संपल्यावर मी भाच्याबरोबर साताऱ्याजवळच्या कास पठाराला निघाले, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "पाय बघून टाक गं."

तिथं जांभ्याच्या कातळावर मातीचा जेमतेम थर. भाच्यानं गवती दवबिंदू दाखवला. वीतभरही नाही एवढं रोप, पानांवर तांबूस केस आणि केसाकेसाच्या टोकाला चिकट थेंब. एका पानाला मुंगी चिकटलेली, अजून पाय हलवत होती. मातीत नत्र कमी, म्हणून हे रोप किडे पकडून ती उणीव भरून काढतं. पाठशाळेत घोकलं होतं, वनस्पती एकेंद्रिय, मुंगी तीन इंद्रियांची. आणि इथं एकेंद्रियच तिला खात होतं! काडीनं सोडवावी म्हणून हात पुढं केला नि तसाच राहिला. मुंगीवर दया करायची, तर रोपाच्या तोंडचा घास काढायचा. काय योग्य होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेवढ्यात फोटोसाठी भाचा मागं सरकला, बुटाखाली तीन-चार रोपं गेली. मी ओरडले. तो म्हणाला, "मावशी, जगाच्या लाल यादीत हा 'कमीत कमी चिंता' या वर्गात आहे. आफ्रिकेपासून आशियापर्यंत सापडतो."

खोटं नव्हतं. यादीवाले जात मोजतात, आणि त्यांना ती मोजावीच लागते. नाहीतर आधी कुणाला वाचवायचं ते कसं कळणार? पण हे रोप वर्षायू. पावसाबरोबर उगवायचं, फुलायचं, बी टाकून मरायचं, सगळा जन्म ह्या चार महिन्यांतला. बी धरण्याआधी चिरडलं, की त्याचं पुढचं काहीच उरत नाही. त्याची चिंता कुठल्या वर्गात घालायची? आणि २०१२ पासून कास जागतिक वारशात आहे म्हणून गर्दी करणाऱ्यांत मीही होतेच की! घरी मेथीची जुडी निवडताना तरी मी कुठं मोजते?

परतल्यावर बघितलं, चपलांच्या तळाला पठाराची माती वाळून बसलेली. सासूबाई म्हणाल्या, "धुऊन टाक." त्यात बी असलं तर मोरीत जाईल, आणि अंगणात टाकलं तर आमच्या काळ्या मातीत ते जगणार नाही. चपला अजून पायरीवरच आहेत.